आबकारीचे कागद आणि मद्याचे उष्मांक

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांत, गोदावरीच्या उत्तरेस, कुंभार पिंपळगांव हें एक मोठें गांव आहे. समर्थ रामदासांचें जन्मस्थान जांब याच तालुक्यांत असल्यामुळें जुन्या पोथ्यांच्या शोधांत असणाऱ्यांस हा टापू अपरिचित नाहीं. अशा टापूंत जुने रुमाल सुटतात तेव्हां पोथी, सनद, महजर, वंशावळ यांची निवड प्रथम होते. ज्या कागदांत ‘कलाल’, ‘भट्टी’, ‘मक्ता’ किंवा ‘गुत्ता’ हे शब्द दिसतात, ते क्षुद्र विषयाचे समजून बाजूस पडतात, आणि बाजूस पडलेला कागद बहुधा पुन्हां हातीं येत नाहीं. प्रस्तुत लेख या बाजूस पडणाऱ्या कागदांविषयीं आहे.

निमित्त असें कीं, अलीकडे राष्ट्राराष्ट्रांच्या अन्नाचा जमाखर्च मांडण्याची पद्धति रूढ झाली असून, त्या जमाखर्चांत ‘मद्यें’ या सदराखालीं दर माणशीं दररोज किती उष्मांकांचा पुरवठा होतो, हाहि आकडा दिलेला असतो. हा आकडा वाढला कीं देश अधिक पिऊं लागला, आणि उतरला कीं देश शुद्धीवर आला, असा अर्थ सर्रास काढण्यांत येतो. आमचें म्हणणें असें आहे कीं, आपल्या देशापुरता तरी हा अर्थ जुन्या आबकारी कागदांच्या आधारावांचून काढतां येत नाहीं. तो आकडा कसा बनतो, आपल्या कागदांतील मापांचें त्यांत रूपांतर कसें करावें, आणि त्यापासून काय सिद्ध होतें व काय होत नाहीं, हें क्रमानें पाहूं.

(१) उष्मांकाचें गणित

अन्नापासून शरीरास मिळणारी शक्ति उष्णतेच्या मापानें मोजतात. त्या मापास उष्मांक म्हणतात. एक ग्रॅम पिष्ट किंवा साखर यांपासून सुमारें ४, प्रथिनांपासून ४, स्निग्ध पदार्थांपासून ९ आणि मद्यार्कापासून ७ उष्मांक मिळतात, असें मानण्याचा प्रघात आहे. मद्यार्काचें शरीरांत ज्वलन होऊन त्यापासून खरोखर शक्ति मिळते, ही गोष्ट अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ ॲटवॉटर (१८४४–१९०७) यानें माणसास बंद कोठडींत ठेवून व त्याच्या शरीरांतून निघणारी उष्णता मोजून दाखविली. मद्यनिषेधाचे पुरस्कर्ते त्यामुळें त्याजवर रुष्ट झाले. पण त्यानें मद्याची शिफारस केली नव्हती, मोजमाप केलें होतें. मद्यार्कांत उष्मांक असले तरी प्रथिनें नसतात, क्षार नसतात, आणि शरीरास तो सांठवितांहि येत नाहीं. म्हणून आधीं तोच जाळावा लागतो. अर्थात् तो इंधन आहे, पूर्ण अन्न नव्हे.

हे उष्मांक येतात कोठून, हें लक्षांत घेतल्यावांचून पुढील विवेचन समजणार नाहीं. साखर आंबली म्हणजे तिचा मद्यार्क व वायु होतो. फ्रेंच शास्त्रज्ञ गे-ल्युसाक यानें १८१५ सालीं या क्रियेचें समीकरण दिलें. त्यावरून १८० भाग द्राक्षशर्करेपासून ९२ भाग मद्यार्क व ८८ भाग वायु निघतो. म्हणजे वजन जवळजवळ अर्धें होतें, पण उष्मांक पुष्कळसे मद्यार्कांत उतरतात. हें झालें कागदावरचें गणित. भट्टीवर मात्र आंबवण बिघडतें, वाफ निसटते, मडक्याच्या सांध्यांतून गळती होते, आणि पुष्कळ अंश वायां जातो.

मराठवाड्याच्या ग्रामीण भागांत मद्याचीं दोन झाडें प्रसिद्ध होतीं. एक शिंदीचें, ज्याचा रस झिरपवून तसाच आंबूं देत. आणि दुसरें मोहाचें, ज्याचीं फुलें आंबवून अर्क काढीत. मोहाचें झाड या गोदातीराचें किती जुनें सोबती आहे, हें गाथासप्तशती चाळणारांस सांगावयास नको. गोदेच्या कांठच्या मोहालाच उद्देशून केलेली एक गाथा तींत आहे. सुकलेल्या मोहफुलांत साखरेचें प्रमाण निम्म्याच्या आसपास असतें. ऐंशीं तोळ्यांचा, म्हणजे सुमारें ९३३ ग्रॅमचा, एक शेर सुकीं फुलें घेतलीं तर त्यांत निम्मी साखर धरून अधिकांत अधिक २३८ ग्रॅम मद्यार्क निघेल व त्याचे सुमारें १,६५० उष्मांक होतील. हीच फुलें उकडून किंवा भाजून खाल्लीं असतां साखरेचे सुमारें १,८५० उष्मांक मिळाले असते, व शिवाय भट्टीचें सर्पण वांचलें असतें. दुष्काळांत जंगलाजवळच्या लोकांनीं मोहफुलांवर दिवस काढले, तें याच कारणानें. म्हणून भट्टीवर चढणारा प्रत्येक शेर हा ताटांतून निघालेला शेर असूं शकतो, ही गोष्ट कागद वाचतांना मनांत धरावी.

भट्टीचें साहित्य साधें असे. एका मोठ्या मडक्यांत आंबलेलीं फुलें व पाणी घालून तें चुलीवर ठेवावयाचें, त्यावर दुसरें भांडें बसवून सांधे मातीनें लिंपावयाचे, आणि वर थंड पाणी ठेवून वाफेचा अर्क आंतील लहान भांड्यांत किंवा नळीनें बाहेर उतरवावयाचा. ज्या गांवच्या नांवांतच कुंभार आहे, तेथील वाचकांस हें सांगण्यास हरकत नाहीं कीं, या सर्व उद्योगाचें यंत्र म्हणजे कुंभाराचीं दोनतीन मडकीं एवढेंच होतें. मडकें फोडलें कीं पुरावा नाहींसा होई. बेहिशेबी मद्याचा इतिहास लिहिणें कठीण कां, याचें एक कारण हेंहि आहे.

(२) कागदांतील शब्द, मापें व सालें

या प्रांताचा अंमल वारंवार बदलला. जालना शिंद्यांकडे होता. १८०३ च्या असईच्या लढाईनंतर तो निजामाकडे गेला. निजामी राज्यांत १८५३ सालीं सालारजंग दिवाण झाले, व त्यांच्या कारकीर्दींत मक्तेदारांच्या हातचा वसूल हळूहळू सरकारी अंमलदारांकडे येऊं लागला. १८६५ सालीं जिल्हाबंदी झाली. १३१६ फसलीचा हैदराबाद आबकारी कायदा पुढें दीर्घकाळ लागू राहिला. वरिष्ठ दफ्तर आधीं फार्सींत व नंतर उर्दूंत, आणि गांवचें दफ्तर मोडी मराठींत, असा भाषाभेदहि त्यांत आहे. तेव्हां एकाच गांवच्या एकाच भट्टीचा कागद तीन भाषांत व दोन लिप्यांत सांपडण्याचा संभव असतो. संग्राहकानें ते वेगळे न करतां एकत्र ठेवावेत.

‘आबकारी’ हा फार्सी शब्द मद्य तयार करण्याच्या धंद्यास व त्यावरील करास सारखाच लावलेला आढळतो. ‘कलाल’ म्हणजे दारू गाळणारा व विकणारा. ‘गुत्ता’ म्हणजे ठराविक रकमेनें घेतलेला मक्ता, व तो घेणारा तो गुत्तेदार. आज बोलण्यांत ‘दारूचा गुत्ता’ म्हणजे दारूचें दुकान असा जो अर्थ झाला आहे, त्यांत या मक्तेपद्धतीचा सबंध इतिहास सांठविलेला आहे. मक्त्याच्या कागदांत रक्कम असते, मुदत असते, जामीन असतो; पण दारू किती गाळली, हें बहुधा नसतें. गुत्तेदारानें रक्कम भरली म्हणजे सरकारचा संबंध संपला. म्हणून मक्त्याची रक्कम वाढली यावरून खप वाढला असें म्हणतां येत नाहीं. लिलांवांत चढाओढ झाली असेल, धान्य महाग होऊन नाणें स्वस्त झालें असेल, किंवा शेजारच्या दोन गांवांची दुकानें एका मक्त्यांत घातलीं असतील.

नाण्याचाहि विचार ठेवावा लागतो. हैदराबादचा हाली सिक्का व इंग्रजी कलदार रुपया यांत भेद होता. उत्तरकाळीं सहा कलदारांस सात हाली असा सामान्य हिशेब असे. कालाविषयीं पाहातां, उत्तरकालीन हैदराबादी फसली साल ऑक्टोबरांत सुरू होई. त्यामुळें फसली सालांत पहिल्या तीन महिन्यांस ५९०, व पुढील महिन्यांस ५९१ मिळविले असतां इसवी सन येतो. १३१६ फसली म्हणजे ऑक्टोबर १९०६ ते ऑक्टोबर १९०७. कागदावर आझूर, दय, बहमन अशीं महिन्यांचीं नांवें असल्यास हें साल निश्चित करणें सोपें जातें.

आतां मापें. जेथें सरकारी मद्यार्कशाळेंतून दारू पुरविण्याची पद्धति आली, तेथील कागदांत गॅलन व ‘प्रूफ’ हे शब्द येतात, आणि येथून आपलें गणित शक्य होतें. इंग्रजी गॅलन ४.५४६ लिटरचा, प्रूफ दारूंत आकारमानानें शेंकडा ५७.१ मद्यार्क. म्हणजे एका प्रूफ गॅलनांत सुमारें २.६ लिटर शुद्ध मद्यार्क. त्याचें वजन दर लिटरास ७८९ ग्रॅम धरलें तर २,०४८ ग्रॅम होतें, व उष्मांक सुमारें १४,३०० येतात. ज्वारीच्या १०० ग्रॅमांस ३५० उष्मांक धरल्यास एक प्रूफ गॅलन म्हणजे जवळजवळ साडेचार शेर ज्वारी, हें प्रमाण लक्षांत ठेवण्यास सोयीचें आहे.

मुंबई इलाख्यांत देशी दारू २५ अंश व ६० अंश ‘अंडर प्रूफ’ अशा दोन तीव्रतांची विकीत. २५ अंश अंडर प्रूफ म्हणजे प्रूफाच्या तीन चतुर्थांश, अर्थात् शेंकडा ४२.८ मद्यार्क; ६० अंश म्हणजे प्रूफाच्या दोन पंचमांश, अर्थात् शेंकडा सुमारें २२.८. आजच्या विदेशी पद्धतीच्या मद्याच्या बाटलीवर जो ४२.८ हा विचित्र वाटणारा आंकडा छापलेला असतो, तो या जुन्या आबकारी मापाचा अवशेष होय. अशा १८० मिलिलिटरच्या बाटलींत सुमारें ६१ ग्रॅम मद्यार्क, म्हणजे ४२५ उष्मांक, म्हणजेच सुमारें १२० ग्रॅम ज्वारीइतकें इंधन असतें. कागदावर नुसते ‘गॅलन’ असतील व तीव्रता दिली नसेल, तर उष्मांकांत जवळजवळ दुपटीची चूक होऊं शकते, हें वरील दोन तीव्रतांवरून स्पष्टच आहे. म्हणून नक्कल करतांना तीव्रतेचा रकाना कधीहि गाळूं नये.

(३) एका गांवाचा नमुना हिशेब

कल्पना स्पष्ट व्हावी म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊं. समजा, हजार वस्तीच्या गांवच्या दुकानास वर्षांत ६० अंश अंडर प्रूफची ५०० गॅलन दारू पुरविली गेली. ती २०० प्रूफ गॅलनांबरोबर झाली. तिचे उष्मांक सुमारें २८ लक्ष ६० हजार. दर दिवशीं सुमारें ७,८००. दर माणशीं आठाहून कमी. ज्या माणसास दिवसास दोन हजारांहून अधिक उष्मांक लागतात, त्याच्या अन्नांत आठ म्हणजे कांहींच नव्हे. राष्ट्राच्या कोष्टकांत हें गांव जवळजवळ कोरडें दिसेल.

पण या हजारांत बायका, मुलें, न पिणारे पुरुष असे ९५० वगळून पिणारे पन्नासच धरले, तर प्रत्येकाच्या वांट्यास दररोज सुमारें १५६ उष्मांक येतात. त्यांतले दहाजण निम्मी दारू पीत असतील, तर त्या दहांच्या वांट्यास प्रत्येकीं सुमारें ३९० येतात, म्हणजे रोज सुमारें ११० ग्रॅम ज्वारी. ही ज्वारी त्या माणसाच्या पोटांत गेली असें हिशेब सांगतो. तिच्या मोबदल्यांत घरांतून किती ज्वारी गेली, हें हिशेब सांगत नाहीं. कारण दारूची किंमत उष्मांकांवर ठरत नाहीं. तींत कर असतो, मक्त्याचा नफा असतो, उधारीचें व्याज असतें. एका शेराच्या उष्मांकांसाठीं अनेक शेरांची किंमत जाते. तेव्हां एकाच व्यवहाराचीं तीन अंगें होतात : खजिन्यांत तो मोठा दिसतो, अन्नाच्या कोष्टकांत अगदीं लहान दिसतो, आणि घरच्या कणगींत पडलेला खड्डा दोन्ही ठिकाणीं दिसत नाहीं. हैदराबाद संस्थानच्या प्रमुख उत्पन्नाच्या बाबींत आबकारी होती; पण संस्थानच्या प्रजेच्या अन्नांत ती प्रमुख होती असें त्यावरून कोणीहि म्हणणार नाहीं. हें तिसरें अंग शोधावयाचें तर सावकाराची खतावणी, जामीनकतबा, गहाणखत व पंचांचा निवाडा यांकडे वळावें लागतें. आबकारीचा कागद व गहाणखत हीं एकाच रुमालांत असल्यास तीं वेगळीं करूं नयेत, असें आम्हीं म्हणतों तें यासाठींच.

(४) राष्ट्राचा आकडा व त्याचा कल

संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना १९४५ सालीं स्थापन झाली. तिचीं अन्नाच्या जमाखर्चाचीं कोष्टकें १९६१ सालापासून मिळतात. त्यांची रीत अशी : देशांत झालेलें उत्पादन, अधिक आयात, उणें निर्यात, आणि सांठ्यांतील फरक, त्यांतून अन्नेतर उपयोग वगळून जें उरेल तें लोकसंख्येनें भागावयाचें. हा पुरवठा होय, प्राशन नव्हे. सांडलेलें, फुटलेलें, ओतलेलें मद्यहि त्यांत मोजलें जातें. शिवाय २०१० पासूनची मालिका नव्या पद्धतीनें तयार केलेली असल्यामुळें जुन्या व नव्या मालिकेच्या सांध्यावर जी पायरी दिसेल, ती पिणारांची नसून मोजणारांची असूं शकते.

युरोपांतील कांहीं देशांत मद्याचा हा दैनिक आकडा दर माणशीं शंभर उष्मांकांच्या वर जातो. तेथेंहि कल एकसारखा नाहीं. फ्रान्समध्यें १९६० च्या सुमारास दर माणशीं वर्षास शंभर लिटरांहून अधिक द्राक्षमद्य खपे. तें पुढील साठ वर्षांत निम्म्याहून खालीं आलें. तेथें द्राक्षमद्य जेवणाचा भाग होता व त्याचा हिशेब दुकानांत, शेतांत व सरकारांत ठेवलेला होता. म्हणून त्या उतारावर विश्वास ठेवतां येतो. भारताचा नोंदलेला आकडा त्या मानानें लहान, व चढता आहे. प्रश्न असा कीं, हा चढ कशाचा?

येथें आपल्या प्रांताचा इतिहास उपयोगीं पडतो. मुंबई इलाख्यांत १८७८ चा आबकारी कायदा होता. १८९२ सालीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांकरितां मोहफुलांचाच स्वतंत्र कायदा झाला, कारण फूल घरांत आलें कीं दारू घरांत झालीच, असा सरकारचा अनुभव. १९३९ च्या ऑगस्टांत मुंबई शहरांत दारूबंदीचा पहिला प्रयोग झाला. पुढें १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून इलाख्यांत पूर्ण बंदी आली. मराठवाडा तेव्हां मुंबईंत नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी अंमल संपला, तरी हैदराबाद राज्याचा आबकारी कायदा चालू राहिला. त्यामुळें एकाच गोदाखोऱ्यांत, वरच्या अंगास नगर व नाशिक जिल्ह्यांत बंदी, तर खालीं अंबड-परतूर भागांत आबकारीचा अंमल, असा प्रकार कांहीं वर्षें होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला, आणि १९५९ च्या कायद्यानें दारूबंदीचा कायदा येथेंहि लागू झाला. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें.

आतां तारखा जुळवून पाहाव्या. राष्ट्राचें कोष्टक सुरू होतें १९६१ सालीं; कुंभार पिंपळगांवास दारूबंदी लागली त्याच्या दोनच वर्षें आधीं. त्या वेळीं महाराष्ट्र, गुजरात व मद्रास हीं तीन राज्यें बंदीखालीं होतीं. म्हणजे ज्या सालापासून आपण चढ मोजतों, तें सालच असें कीं, देशाच्या मोठ्या भागांतील मद्याची नोंद कायद्यानेंच अशक्य केलेली होती. बंदी होती म्हणून पिणें थांबलें होतें, असें कोणी म्हणेल तर त्यास एवढेंच विचारावें कीं, बंदीच्या काळांत हातभट्टी हा शब्द मराठींत एवढा घरोघर कां झाला? पुढें महाराष्ट्रानें १९६० नंतरच्या दशकांत बंदी शिथिल केली. १९७१ सालीं तामिळनाडूनें ती कांहीं काळ उठविली. १९७३ सालीं महाराष्ट्रांत देशी दारूचे नियम झाले. जें मडक्यांत होतें तें बाटलींत आलें, आणि बाटलींत आलें तें नोंदींत आलें. म्हणून १९६१ नंतरच्या चढापैकीं एक भाग खरोखर वाढलेल्या पिण्याचा, आणि एक भाग नोंदींत आलेल्या पिण्याचा आहे. या दोन भागांची वांटणी राष्ट्राच्या कोष्टकावरून होत नाहीं. ती गांवोगांवच्या कागदांवरूनच कांहींशी होऊं शकेल.

दुसरा एक बदल मालाचा. मोहफूल व शिंदी मागें पडून देशी दारू मुख्यतः साखर कारखान्यांच्या मळीपासून होऊं लागली. पैठणच्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा या भागांतून गेला आणि अंबड-घनसावंगी पट्ट्यांत ऊंस वाढला. त्यामुळें मद्याच्या उष्मांकांचा उगम रानांतून निघून कालव्याखालच्या शेतांत आला. २००७ सालीं ज्वारी, बाजरी, मका यांपासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांस सवलती देण्याचें धोरण राज्यानें स्वीकारलें, तेव्हां भाकरीचें धान्य भट्टीवर जावें काय, असा वाद उठला. २०१६ च्या पाणीटंचाईंत औरंगाबाद परिसरांतील मद्याच्या कारखान्यांचें पाणी कमी करण्याचा आदेश उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठास द्यावा लागला. मोहाच्या एका शेराविषयीं वर जो प्रश्न उपस्थित केला, तोच हा प्रश्न; फक्त शेराच्या जागीं टन व घागरीच्या जागीं जलवाहिनी आली.

नोंदींबाहेरचा भाग आजहि लहान नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या अहवालांत भारतांत १५ वर्षांवरील दर माणशीं २०१६ सालीं ५.७ लिटर शुद्ध मद्यार्क, असा अंदाज दिला असून, त्यांतील निम्म्याच्या जवळपास भाग नोंदींबाहेरचा धरला आहे. आपल्या रीतीनें हिशेब केला तर ५.७ लिटरांचे वर्षास सुमारें ३१,५०० उष्मांक, म्हणजे दिवसास ८६ होतात. केवळ नोंदलेल्या मद्यावरून तयार केलेला आकडा यापेक्षां किती कमी येईल, हें सांगावयास नको. दुसरीकडे, २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ वर्षांवरील शंभर पुरुषांत सुमारें १९ व शंभर स्त्रियांत सुमारें एक, एवढ्यांनींच आपण मद्य घेतों असें सांगितलें. म्हणजे राष्ट्राची सरासरी ही बहुसंख्यांच्या शून्यावर व अल्पसंख्यांच्या मोठ्या आकड्यावर उभी आहे. ती कोणाहि एका माणसाची नाहीं.

(५) संग्राहकांस विनंती

एवढ्या विवेचनाचें सार असें. मद्याच्या उष्मांकांचा कल म्हणजे तीन कलांची गुंफण आहे : पिण्याचा, नोंदीचा व कायद्याचा. पैकीं शेवटचे दोन आपणांस कागदांवरून उलगडतां येतात. ते वजा केले तरच पहिला दिसूं लागतो. हें काम राजधानींतील दफ्तरखान्यावरून होणारें नाहीं. तेथें जिल्ह्याची एकंदर रक्कम मिळेल. पण अमुक गांवचें दुकान केव्हां उघडलें, केव्हां बंद पडलें, त्या सालीं ज्वारीचा भाव काय होता, आणि कोणत्या घरानें कोणतें शेत गहाण टाकलें, हें गांवच्या रुमालांतच असावयाचें.

म्हणून आमची विनंती अशी. आबकारीचा कोणताहि कागद हातीं आला तर त्यांतील साल मूळ स्वरूपांत व इसवी सनांत, असें दोन्ही प्रकारें लिहावें. रक्कम हाली कीं कलदार, हें नोंदवावें. माप गॅलन, शेर कीं घागर, आणि तीव्रता दिली आहे कीं नाहीं, हें लिहावें. दारू मोहाची, शिंदीची कीं मळीची, हा शब्द असल्यास जसाच्या तसा उतरावा. कागद ज्या रुमालांत सांपडला, त्यांतील त्याच सालचीं गहाणखतें, निवाडे व बाजारभावाच्या याद्या त्यासोबतच ठेवाव्या. या कागदांत जिवंत घराण्यांचीं नांवें व त्यांचीं कर्जें असतात. तेव्हां छापतांना घराण्याचें नांव वगळावें, आकडा वगळूं नये. कोणाच्या पणजोबाची उधारी उघड करणें हें इतिहासाचें काम नव्हे.

आणि जुन्याच कागदांपुरतें हें थांबवूं नये. महाराष्ट्रांत गांवच्या निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनीं कौल दिला तर दारूचें दुकान बंद करतां येतें; लोक त्यास ‘आडवी बाटली’ म्हणतात. त्या मतदानाच्या नोटिसा, ग्रामसभांचे ठराव, मोजणीचे तक्ते हे आज कोणाच्या तरी कपाटांत पडून आहेत. मक्त्याच्या कागदांत ज्यांचें नांव कधीं आलें नाहीं, पण ज्यांच्या कणगींतून ती रक्कम गेली, त्या स्त्रियांची साक्ष प्रथमच या कागदांत लेखी स्वरूपांत येते. मडकें फोडल्यावर पुरावा उरत नसे. हा पुरावा कागदावर आहे, आणि तो राखणें आपल्या हातचें आहे.